537 मतांचा मतदारसंघ

आमचा राजापूर लोकसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला, तेव्हा माझ्या वडिलांना झालेले दुःख मला आजही आठवते. 1957 पासून नाथ पै, 1971 पासून मधू दंडवते आणि 1996 पासून सुरेश प्रभू अशा तीन माणसांची नावे ज्या मतदारसंघाशी घट्ट जोडली गेली होती, तो 2009 च्या निवडणुकीत यादीत नव्हता. त्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे जोडनाव आले होते. गावे तीच होती, माणसे तीच होती, पण ज्या सीमेच्या आत वडिलांनी आयुष्यभर मतदान केले ती सीमा उरली नव्हती. तेव्हापासून अशा पुसल्या गेलेल्या मतदारसंघांची मला ओढ लागली. फ्रेंच शिकताना आणि पुढे त्या भाषेतून वाचन करताना माझ्या हाती लागलेला असाच एक मतदारसंघ म्हणजे फ्रान्सच्या कोरेझ जिल्ह्यातील तिसरा मतदारसंघ, ज्याला सगळे त्याच्या मुख्य गावावरून उसेलचा मतदारसंघ म्हणत. त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

कोरेझ हा मध्य फ्रान्समधला डोंगराळ, विरळ वस्तीचा जिल्हा आहे. त्याच्या ईशान्येला मिलव्हाशचे ग्रॅनाइटचे पठार आहे. व्हिएन, क्रझ, व्हेझेर या नद्या त्याच पठारावर उगम पावतात. जमीन हलकी, हिवाळा लांब आणि शेती लहान लहान तुकड्यांची, त्यामुळे इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी पॅरिसची वाट धरली. कोकणातल्या माणसाला मुंबईची वाट जशी वेगळी समजावून सांगावी लागत नाही, तसेच हे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात सतत घटत गेलेली लोकसंख्या ही या मतदारसंघाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची आकडेवारी आहे, कारण शेवटी त्याचा अंतही तिनेच घडवला.

बाहेरच्या वाचकाला उसेलची कथा सहसा 1967 पासून, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले झाक शिराक इथून पहिल्यांदा निवडून आले तेव्हापासून सांगितली जाते. मला ती 1914 पासून सांगावीशी वाटते, कारण त्या वर्षी उसेलने आंरी कय यांना पहिल्यांदा संसदेत पाठवले. कय हे नव्हिक या जवळच्या गावचे डॉक्टर होते, दोन वर्षांपूर्वीच तिथले महापौर झाले होते आणि रॅडिकल पक्षाचे होते. नावात रॅडिकल असले तरी हा पक्ष लहान शेतकरी, शिक्षक, दुकानदार अशा लोकांचा मध्यममार्गी पक्ष होता. धर्मसत्तेपासून अलिप्त असलेल्या प्रजासत्ताकावर त्याची निष्ठा होती आणि कोणत्याही उलथापालथीची त्याला भीती वाटत असे. कय 1920 च्या दशकापासून अनेक वेळा कृषिमंत्री झाले. 1937 मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री असताना खासगी रेल्वे कंपन्या एकत्र करून फ्रान्सची राष्ट्रीय रेल्वे उभी करण्याचे काम त्यांच्या हातून झाले. युद्धकाळात ते लंडनला जाऊन जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्या जनरल द गॉल यांच्या बाजूने उभे राहिले आणि युद्धानंतर, 1946 ते 1958 पर्यंत टिकलेल्या चौथ्या प्रजासत्ताकात, तीन वेळा पंतप्रधान झाले. त्यांतली एक कारकीर्द 1948 च्या सप्टेंबरपासून 1949 च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली, आणि त्या अस्थिर काळात तेवढा अवधीही दीर्घ मानला जात असे.

पण उसेलच्या मतदाराच्या दृष्टीने कय यांचे खरे काम गावात दिसत होते. खेड्यांत वीज, रस्ते, शेतकरी संघटनांना आधार, कुणाच्या मुलाला पॅरिसमध्ये नोकरी, कुणाच्या विधवेचे अडलेले निवृत्तिवेतन अशी कामे घेऊन लोक त्यांच्याकडे येत आणि ती होत. आपला खासदार म्हणजे राजधानीत बसलेला आपला माणूस, ही समजूत त्या पठारावर त्यांच्या चार दशकांच्या वावरातून रुजली. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली मला या समजुतीतच सापडते.

याच पठाराला दुसरीही एक परंपरा होती. 1935 मध्ये कय सिनेटवर निवडून गेले आणि 1936 च्या पॉप्युलर फ्रंटच्या, म्हणजे डाव्या पक्षांच्या आघाडीच्या निवडणुकीत उसेलची जागा मारियुस वाझेय या कम्युनिस्ट उमेदवाराने जिंकली. वाझेय मेमाकचे; वनशास्त्राचे जाणकार आणि लहान शेतकऱ्यांचे संघटक. उजाड पठारावर लहान शेतकऱ्यांनीच झाडे लावावीत आणि त्या जंगलाचे उत्पन्नही त्यांच्याच हाती राहावे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. कारखाना नाही, खाण नाही, मोठा जमीनदारही नाही, अशा भागात कम्युनिस्ट पक्ष इतका कसा वाढला असा प्रश्न पडतो. त्याचे एक उत्तर म्हणजे पॅरिसला कामाला गेलेले गवंडी आणि कामगार सुटीत गावी परतताना शहरातले विचार घेऊन येत. दुसरे म्हणजे पहिल्या महायुद्धात खेडीच्या खेडी तरुणांवाचून रिकामी झाली होती आणि युद्धविरोधी पक्षाला त्यामुळे इथे कान मिळाला. पुढे जर्मन ताब्याच्या काळात या जंगलांतून कम्युनिस्ट छापामार लढले, जिल्ह्याचे ठाणे असलेल्या त्यूल गावात 9 जून 1944 रोजी नाझींच्या एस.एस. दलाच्या सैनिकांनी 99 पुरुषांना रस्त्यावरच्या खांबांना आणि घरांच्या सज्जांना फाशी दिले, आणि त्या आठवणीने डाव्या पक्षांशी असलेले नाते रक्ताचे झाले.

म्हणजे 1958 मध्ये द गॉल यांच्या नव्या राज्यघटनेने पाचवे प्रजासत्ताक आले आणि कोरेझचे तीन एकसदस्यीय मतदारसंघ आखले गेले, तेव्हा उसेलच्या वाट्याला दोन वारसे आले होते: एक कय यांच्या मध्यममार्गी पालकत्वाचा आणि दुसरा वाझेय यांच्या शेतकरी कम्युनिझमचा. द गॉल यांच्या पक्षाला इथे फारशी जागा आहे असे कुणालाही वाटत नव्हते.

पुढचे सांगण्याआधी तिथली पद्धत थोडक्यात सांगायला हवी, कारण आपल्याकडे एकाच दिवशी ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो आणि तिथे तसे नाही. पहिल्या फेरीत झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक आणि नोंदलेल्या मतदारांच्या किमान एक चतुर्थांश मते मिळवणारा तिथेच विजयी होतो. तसे कुणी नसेल तर आठवड्याने दुसरी फेरी होते. तिच्यात शिरण्याची अट काळानुसार कडक होत गेली. 1958 मध्ये झालेल्या मतांपैकी 5 टक्के पुरत, 1967 च्या निवडणुकीत नोंदलेल्या मतदारांच्या 10 टक्के मते लागत आणि 1976 नंतर हे प्रमाण साडेबारा टक्के झाले. दोन फेऱ्यांमधला तो आठवडा म्हणजे फ्रेंच निवडणुकीचा गाभा होय. कोण माघार घेतो, कोणासाठी घेतो आणि त्याचे मतदार त्याचे ऐकतात की नाही, यावर सगळे ठरते.

1967 मध्ये पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू यांनी कोरेझ ज्यात येतो तो लिमूझँ प्रांत आणि आसपासच्या डाव्या प्रदेशात आपली तरुण माणसे उतरवायचे ठरवले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘तरुण लांडगे’ असे नाव दिले. त्यांपैकी एक होते पाँपिदू यांच्या कार्यालयातले 34 वर्षांचे अधिकारी झाक शिराक. शिराक यांचा जन्म पॅरिसचा, पण त्यांचे आजोबा कोरेझचे शिक्षक होते आणि 1965 मध्ये सेंत-फेरेओल या मूळ गावच्या नगरपरिषदेवर ते निवडून आले होते. सेंत-फेरेओल ब्रीव शहराजवळ आहे. ब्रीवची जागा मात्र त्यांच्याच पक्षाच्या झां शार्बोनेल यांच्याकडे होती. म्हणून शिराक यांच्या वाट्याला जिल्ह्याचे दुसरे टोक आले, म्हणजे जिंकण्याची आशा नसलेले उसेल.

आपल्याकडे ज्याला मतदारसंघ बांधणे म्हणतात, ते शिराक यांनी किती निष्ठेने केले हे वाचताना मला थक्क व्हायला होते. आठवडाभर पॅरिसच्या कार्यालयात काम करायचे आणि शनिवार-रविवारी गाडी चालवत पठार गाठायचे. गुरांच्या बाजारात, खानावळीत, शेताच्या बांधावर ते प्रत्येकाशी बोलत, अडचण लिहून घेत आणि पुढच्या आठवड्यात तिचे उत्तर पाठवत. पंतप्रधानांच्या कार्यालयातला माणूस असल्याने रस्त्याचा, शाळेचा, पाण्याचा कागद कुठे अडला आहे हे त्यांना कळत असे आणि तो पुढे सरकवताही येत असे. विमाननिर्माते मार्सेल दासो हे शिराक यांच्या वडिलांचे परिचित होते. त्यांच्या मदतीने एक प्रादेशिक वृत्तपत्रही निघाले. पैसा आणि सत्ता पाठीशी होती, यात शंका नाही. पण त्यांनी उचललेली रीत कय यांचीच होती, आणि मतदारांना ती ओळखीची वाटली असे मला वाटते. पक्ष परका असला तरी कामाची पद्धत परकी नव्हती.

समोर डाव्यांचे दोन प्रमुख उमेदवार होते. फ्रान्स्वा मितराँ यांच्या आघाडीने त्यांचे बंधू रोबेर मितराँ यांना इथे उभे केले होते, म्हणजे तेही बाहेरून आलेलेच. कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार होते जॉर्ज एमों. 20 डिसेंबर 1966 रोजी मितराँ यांची आघाडी आणि कम्युनिस्ट पक्ष यांच्यात करार झाला होता की पहिल्या फेरीनंतर दोघांपैकी जो पुढे असेल त्याच्यासाठी दुसऱ्याने मागे हटायचे. 5 मार्चच्या पहिल्या फेरीत त्या दोघांत एमों पुढे राहिले आणि रोबेर मितराँ यांनी त्यांच्यासाठी जागा सोडली. 12 मार्च 1967 च्या दुसऱ्या फेरीत शिराक यांना 18,522 मते मिळाली आणि एमों यांना 17,985. फरक होता 537 मतांचा.

हा आकडा माझ्या मनातून जात नाही. छत्तीस हजारांहून अधिक मतांतून 270 माणसांनी दुसरी बाजू घेतली असती तरी निकाल उलटला असता, आणि तसे झाले असते तर फ्रान्सच्या पुढच्या चाळीस वर्षांचे राजकारण कोणत्या वळणाने गेले असते हे सांगता येत नाही. हा विजय शिराक यांच्या हस्तांदोलनांचा, दणकट भुकेचा आणि गाईच्या पाठीवर थाप मारण्याच्या सवयीचा, असे तिथल्या लोककथेत सांगतात. मला त्या आकड्यांत आणखी काही दिसते. रॅडिकल परंपरेतला जो लहान शेतकरी मितराँ नावाच्या माणसाला कदाचित मत देऊ शकला असता, त्याला दुसऱ्या फेरीत कम्युनिस्टाला मत द्यायचे की सरकारच्या या धडपड्या तरुणाला, असा प्रश्न पडला. कय यांना मते देणाऱ्या घरांतली काही मते तेव्हा शिराक यांच्याकडे वळली असावीत. हा माझा तर्क आहे, पण 537 च्या फरकासाठी फार घरे लागत नाहीत.

निवडून आल्यावर काही आठवड्यांतच शिराक रोजगार खात्याचे राज्यमंत्री झाले आणि त्यांनी संसदेतली जागा सोडली. हे वाचून कुणालाही वाटेल की मतदारांची फसवणूक झाली. तसे नव्हते. पाचव्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेचे 23 वे कलम मंत्रिपद आणि खासदारकी एकत्र ठेवू देत नाही. म्हणून प्रत्येक उमेदवार आपल्याबरोबर एक पर्यायी प्रतिनिधी उभा करतो आणि उमेदवार मंत्री झाला की सभागृहात तो पर्यायी प्रतिनिधी बसतो. शिराक 1967 पासून 1976 पर्यंत सलग सरकारात होते. अर्थसंकल्प, संसदेशी संबंध, कृषी, गृह अशी खाती सांभाळून 1974 मध्ये पंतप्रधान झाले. 1968 आणि 1973 मध्येही उसेलने त्यांनाच निवडून दिले. म्हणजे नऊ वर्षे उसेलचा खासदार जवळजवळ कधीच खासदाराच्या बाकावर बसला नाही, आणि तरीही उसेल त्याला आपला खासदार म्हणत राहिले. 1970 मध्ये ते जिल्हा परिषदेचेही अध्यक्ष झाले. 1972 मध्ये त्यांना कृषिखाते मिळाले तेव्हा पशुपालकांच्या या प्रदेशाला कय यांचे दिवस परत आल्यासारखे वाटले असेल.

25 ऑगस्ट 1976 रोजी शिराक यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. त्यांना पुन्हा संसदेत जायचे होते, पण मंत्रिपद गेले म्हणून जुनी जागा आपोआप परत मिळण्याची सोय तेव्हा नव्हती. ती 2008 च्या घटनादुरुस्तीने आली. उसेलची जागा रिकामी करून पोटनिवडणूक घ्यावी लागली आणि नोव्हेंबरमध्ये शिराक पहिल्याच फेरीत जिंकले. त्याच्या आधी, 3 ऑक्टोबर रोजी, त्यांनी एग्लतों या गावी जे भाषण केले त्यातून नव्या पक्षाची दिशा ठरली आणि डिसेंबरात तो पक्ष स्थापन झाला. एग्लतों हे 1936 च्या समाजवादी सरकारातले अर्थमंत्री शार्ल स्पिनास यांनी महापौर म्हणून घडवलेले गाव. गॉलवादी नेत्याने आपल्या नव्या पक्षासाठी असे गाव निवडले, त्या भाषणात ‘फ्रेंच पद्धतीच्या मजूरवादा’ची भाषा केली, आणि ती तिथे खपली. पॅरिसमध्ये उजवा नेता म्हणून ओळखला जाणारा माणूस उसेलमध्ये त्या मातीचीच बोली बोलत होता.

1981 ची निवडणूक पुढे घडलेल्या गोष्टींमुळे प्रसिद्ध आहे. मे महिन्यात फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले, देशभर समाजवाद्यांची लाट आली, आणि जूनमध्ये समाजवादी पक्षाने शिराक यांच्याविरुद्ध रुआँमध्ये जन्मलेला 26 वर्षांचा एक अनोळखी तरुण उसेलला पाठवला. त्याचे नाव फ्रान्स्वा ओलांद. शिराक पहिल्याच फेरीत विजयी झाले, पण फार काठावर. सुमारे 350 मते कमी पडली असती तर त्यांना दुसरी फेरी लढावी लागली असती. ओलांद यांना जवळपास 26 टक्के मते मिळाली. हरल्यावर बाहेरचा उमेदवार सहसा पुन्हा दिसत नाही. ओलांद राहिले. 1983 मध्ये ते उसेलच्या नगरपरिषदेवर निवडून आले आणि विरोधी बाकावर बसले. उसेलची जागा शिराक असेपर्यंत मिळणार नाही हे ओळखून 1988 मध्ये त्यांनी शेजारचा त्यूलचा पहिला मतदारसंघ जिंकला. 1993 मध्ये ते तिथे हरले, 1997 मध्ये परत आले. पुढे ते त्यूलचे महापौर आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्षही झाले. शिराक यांच्या विरोधकाने अशा प्रकारे शिराक यांचीच पायवाट धरली.

उसेलने शिराक यांना 1988 आणि 1993 मध्येही निवडून दिले (1986 मध्ये निवडणूक जिल्हावार यादीने, प्रमाणशीर पद्धतीने झाली होती), आणि 1995 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यानंतरच्या उसेलच्या निवडणुकांविषयी मला विशेष सांगण्यासारखे काही दिसत नाही. जागा होती, पण तिच्याकडे पाहणारा देश दुसरीकडे पाहू लागला होता.

मग पुनर्रचना आली. 2008 च्या घटनादुरुस्तीने खासदारांची कमाल संख्या 577 वर गोठवली गेली, आणि परदेशी राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांसाठी 11 नव्या जागा तयार झाल्या. त्या जागा कुठून तरी काढाव्या लागणार होत्या. प्रत्येक जिल्ह्याला किमान दोन जागा देण्याची जुनी रीत 2009 च्या जानेवारीत कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने अमान्य केली. शेजारच्या क्रझ जिल्ह्याला त्यामुळे एकाच जागेवर समाधान मानावे लागले. कोरेझच्या तीन जागांच्या दोन झाल्या. माणसे जिथे कमी तिथला मतदारसंघ जायचा, हे गणित मला समजते आणि मतांच्या समानतेसाठी ते आवश्यक आहे हेही मान्य आहे. तरीही पॅरिसला, मुंबईला किंवा आणखी कुठे निघून गेलेल्या प्रत्येक माणसाबरोबर गावाच्या प्रतिनिधित्वाचाही एक तुकडा निघून जातो, आणि मागे राहिलेल्यांचा खासदार आणखी लांब जातो, हे त्या गणितात कुठे धरले जाते ते मला अजून सापडलेले नाही. 2012 च्या निवडणुकीपासून तिसरा मतदारसंघ उरला नाही. उसेल, मेमाक, एग्लतों ही गावे त्यूलला जोडली गेली.

त्याच 2012 मध्ये ओलांद राष्ट्राध्यक्ष झाले आणि कोरेझने त्यांना जवळजवळ 65 टक्के मते दिली. आदल्या वर्षी, सारां गावच्या शिराक संग्रहालयात, वृद्ध शिराक यांनी आपण ओलांद यांना मत देणार असे सर्वांदेखत सांगितले होते. ओलांद तेव्हा ज्या जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, ते संग्रहालयही तिच्याच मालकीचे होते. नंतर शिराक यांनी तो कोरेझी विनोद होता असा खुलासा केला. मला तो विनोद वाटत नाही. एकाच पठारावर, एकाच रीतीने माणसे जोडणाऱ्या दोघांची ती ओळख होती.

नव्या जोडमतदारसंघाने मात्र एकाच माणसाला धरून राहण्याची सवय सोडली. 2012 मध्ये उझेर्शच्या महापौर, समाजवादी सोफी दसू निवडून आल्या. 2016 मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. 2017 मध्ये मॅक्राँ यांच्या पक्षाचे क्रिस्तोफ जेर्ती, 2022 मध्ये उजव्या रिपब्लिकन पक्षाचे फ्रान्सिस द्युब्वा, असे दर वेळी वेगळे नाव आले. तोवर नॅशनल रॅली या अतिउजव्या पक्षाची मतेही या डाव्या प्रदेशात वाढत चालली होती, आणि हा बदल मला सर्वांत अस्वस्थ करतो. पोस्ट, शाळा, दवाखाना एकेक करून लांब जात असलेल्या गावात ‘राजधानीतला आपला माणूस’ ही समजूत विरत गेली की रागाला वाट हवी असते.

9 जून 2024 रोजी मॅक्राँ यांनी संसद विसर्जित केली आणि काही दिवसांत ओलांद यांनी डाव्या आघाडीकडून इथे उमेदवारी जाहीर केली. पहिल्या फेरीत ते पहिले आले. त्यांच्या पाठोपाठ नॅशनल रॅलीच्या उमेदवार होत्या आणि द्युब्वा तिसरे होते. मतदान भरघोस झाल्यामुळे तिघेही साडेबारा टक्क्यांची अट ओलांडून दुसऱ्या फेरीत पोहोचले. देशभर अनेक ठिकाणी नॅशनल रॅलीला रोखण्यासाठी तिसऱ्या उमेदवारांनी माघार घेतली, पण इथे द्युब्वा उभे राहिले. 7 जुलैच्या तिरंगी लढतीत ओलांद सुमारे 43 टक्के मते मिळवून निवडून आले. निवृत्त राष्ट्राध्यक्ष पुन्हा खासदार होण्याचा प्रसंग पाचव्या प्रजासत्ताकात याआधी एकदाच, 1984 मध्ये जिस्कार देस्तँ यांच्या बाबतीत घडला होता.

त्या रात्री निकालाचे तक्ते पाहताना मी आधी उसेलची ओळ शोधली. 1981 मध्ये ज्या गावांनी 26 वर्षांच्या ओलांद यांना परत पाठवले होते, ती गावे 43 वर्षांनी त्यांच्या मतदारसंघात होती.